बिजागरीची बाजू

१

तीन नंबरचा ड्रायर अडला तर दार ओढायचं नाही. समोर पाट मांडायचा. कामावरच्या सगळ्यांत नव्या बाईने दाराला पाठ लावून पाटावर बसायचं आणि बाकीच्यांनी बाहेर जायचं. तासा-दीड तासाने दार आपण होऊन सुटतं. का सुटतं, ते विचारायचं नाही.

कुमुदिनीला हा नियम पहिल्यांदा कानावर आला तेव्हा ती नववीत होती, आणि तिने तिथल्या तिथे विचारलं होतं, "का?"

तिच्या वडिलांनी, अण्णांनी, भाकरी मोडता मोडता म्हटलं होतं, "विचारायचं नाही, हेच सांगितलं ना आत्ता?"

अण्णांचा जीन्स धुण्याचा कारखाना उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पाच्या एका अरुंद गल्लीत होता. शिवून आलेल्या पँटी तिथे धुवायच्या, रंग उतरवायचा, पाणी पिळून काढणाऱ्या हायड्रोतून फिरवायच्या आणि ड्रायरमध्ये वाळवून परत पाठवायच्या. गल्लीतलं गटार बारा महिने निळं वाहायचं. ड्रायर तीन. पहिले दोन नवे घेतलेले. तिसरा भंगारवाल्याकडून आलेला, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या गोल दाराचा, दारात जाड काच. तो आधी कुठे होता असं विचारलं की अण्णा कधी जहाजावर म्हणत, कधी बंद पडलेल्या इस्पितळात म्हणत, आणि तिसऱ्यांदा विचारलं की चष्मा पुसायला घेत.

२

सन त्र्याण्णवच्या मे महिन्यात कुमुदिनीची बी. एस्सी.ची शेवटची परीक्षा संपली. विषय फिजिक्स. त्याच आठवड्यात कारखान्याचा वायरमन लग्नासाठी गावी गेला आणि फिरकलाच नाही. ती अण्णांना म्हणाली, "मी येते."

"तू काय करणार येऊन?"

"तो करायचा तेच. फक्त विड्या ओढणार नाही."

पहिल्या तीन दिवसांत तिने एक नंबरचा पट्टा बदलला, बंद पडलेला मोठा पंखा चालू केला आणि मुकादमाला कायमचं दुखावलं. मुकादम हरिचंद्र पहिल्या दिवसापासून अण्णांबरोबर होता. पाने आणि हातोड्या तो आपल्या लोखंडी ट्रंकेत ठेवायचा, किल्ली करगोट्याला.

"शिकलेल्या पोरी पंखे दुरुस्त करायला लागल्या," तो पंख्याखाली उभा राहून म्हणाला.

"वारा लागतोय ना, काका? मग घ्या की."

पत्र्याच्या छपराखाली तीन ड्रायर चालू झाले की आत उभं राहवत नसे. सगळे निथळत असायचे. गोदू तर दुप्पट भिजायची. कामाला लागून तिला महिनाच झाला होता. घरी पाच महिन्यांची मुलगी होती, मागच्याच वस्तीत, सासूजवळ. बाहेरचं दूध पोरीला पचत नव्हतं; पाजलं की उलटून टाकायची. म्हणून एक वाजला की गोदू पळत घरी जायची. बारापासूनच तिची चोळी पुढून ओली व्हायची आणि ती पदर ओढून घेत मान खाली घालून घड्या घालत राहायची.

चौथ्या दिवशी कुमुदिनीच्या एक गोष्ट लक्षात आली. विठा तिच्या शेजारी उभी होती, ड्रायरमधून तापलेल्या पँटी उपसत होती, आणि विठाचं पोलकं कोरडं होतं. पाठीवर, काखेत, कुठेही डाग नाही. कपाळ खडूसारखं कोरडं.

"विठामावशी, तुला घाम येत नाही?"

"नाही गं. चार वर्षं झाली. बरंच आहे, पोलकी कमी धुवावी लागतात." विठा हसली. ओठांना भेगा पडल्या होत्या. "उन्हात गेलं की तेवढी चक्कर येते."

पलीकडे बनूबाई बटणं तपासत होती. बनूबाई सगळ्यांत जुनी, बदलापूरकडच्या एका गावातून आलेली. गेल्या श्रावणात तिचा नवरा हिंदुराव गेला तेव्हा ती रडली नाही म्हणून गल्लीत चर्चा झाली होती. कुमुदिनीनेही तेव्हा मनात तिला दगड म्हटलं होतं.

"माझ्या डोल्यांना पानीच नाही," बनूबाई मान वर न करता म्हणाली. "कांदा चिरला तरी नाही. आता वय झाला."

कुमुदिनीने डॉक्टरांकडे जा असं दोघींना सांगितलं. एका ठिकाणी काम करणाऱ्या दोन बायका, आणि दोघी कोरड्या. रंगाच्या रसायनांमुळे असेल, असं तिने ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं.

३

बुधवारी सकाळी अकराला तीन नंबर अडला.

आत सत्तर पँटी होत्या. सिंधी शेठचा टेम्पो पाचला यायचा होता आणि माल चुकला तर मोसमभराचं काम दुसऱ्या गल्लीत जाणार होतं. घंटी वाजली, ड्रायरच्या आतलं पिंप फिरायचं थांबलं. एक आणि दोन नंबरची कुलपं खट्, खट् करून सुटली. तीन नंबर गप्प राहिला.

हरिचंद्र अण्णांना बोलवायला घरी गेला. तेवढ्या वेळात कुमुदिनीने बॅटरी आणि मीटर घेतला.

कुलूप साधं होतं. मशीन गरम असेपर्यंत एका कॉइलमध्ये करंट जातो आणि ती लोखंडी जीभ दारात रोखून धरते. मशीन निवलं की करंट तुटतो आणि स्प्रिंग जीभ मागे ओढते. म्हणजे करंट तुटला नसेल, किंवा स्प्रिंग मेली असेल, किंवा कापडाची लव अडकली असेल. चौथं काही असूच शकत नाही.

तिने तीन नंबरचा स्विच पाडला, त्याचा फ्यूज काढून खिशात टाकला. खालचा पत्रा उघडून मीटर लावला. काटा शून्यावर. कॉइल मेलेली. स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली, चांगली ताठ होती. केसातली पिन काढून तिने फटीतली निळी लव उकरली, चिमूटभरही निघाली नाही.

जीभ तिथेच होती. दार आणि चौकटीच्या फटीतून दिसत होती, बोटाएवढी जाड, चकचकीत.

तिने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ती मागे रेटली. जीभ सूतभर मागे गेली आणि परत आली.

तिने पुन्हा रेटली. पुन्हा सूतभर गेली आणि परत आली.

स्प्रिंग परत येते ती झटका मारून. ही सावकाश परत आली. थोडी थरथरत.

कुमुदिनीचा हात थांबला. हा जोर तिच्या ओळखीचा होता. दहावीपर्यंत ते अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहत होते. चाळीच्या टोकाला चार संडास, त्यातल्या दोहोंच्या कड्या तुटलेल्या. आत बसलेल्याने एका हाताने दार धरून ठेवायचं. बाहेरच्याने ओढलं की दार किंचित येतं आणि परत जातं. त्या परत जाण्यातच कळतं, आत माणूस आहे. लाकूड फुगलंय की कुणी धरलंय, हे चाळीतल्या लहान पोरालाही हाताला कळतं.

लोखंड तापून फुगलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. तिने काचेवर तळवा ठेवला. काच कोमट होती. बॅटरी मारली तर आतल्या बाजूने वाफ धरलेली.

तासभर धगीत फिरलेल्या कोरड्या कपड्यांतून वाफ कसली?

तिने तिसऱ्यांदा जीभ रेटली, या वेळी जोर लावून.

आतून कुणीतरी खाकरलं.

मोठ्याने नाही. चाळीत खाकरायचे तसं, आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळावं एवढंच. संकोचून.

४

ती मागे सरली तेव्हा अण्णा आलेले होते आणि हरिचंद्राने पाट मांडलेलाही होता. पाटाची मधली जागा बसून बसून गुळगुळीत झाली होती.

"बाहेर चला सगळे," अण्णा म्हणाले. "गोदू, तू ये. घाबरायचं काही नाही. पाठ टेकून बसायचं, मागे बघायचं नाही. सुटलं की हाक मार."

"आत काहीतरी आहे," कुमुदिनी म्हणाली.

"पँटी आहेत."

"अण्णा, आत खाकरलं कुणीतरी. मी ऐकलं."

अण्णांनी हरिचंद्राकडे पाहिलं. हरिचंद्राने छपराकडे पाहिलं. दोघांपैकी एकालाही नवल वाटलं नाही, आणि कुमुदिनीला खाकरण्याची वाटली त्याहून या गोष्टीची भीती जास्त वाटली.

"ऐकू येतं कधीकधी," अण्णा म्हणाले. "म्हणून तर ओढायचं नाही."

गोदू पदर आवळून उभी होती. बनूबाईने तिला कोपराने ढकललं. "जा गं. मी बसली, विठा बसली. काय झाला आमाला?"

कुमुदिनीने बनूबाईकडे पाहिलं. मग विठाकडे. कोरडं कपाळ, भेगाळलेले ओठ.

"मावशी, घाम कधीपासून येत नाही म्हणालीस?"

"चार वर्षं."

"आणि इथे कधी बसलीस?"

विठा बोटांवर मोजायला लागली, पण मोजायचं काही नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"बनूबाई, तू?"

"मी कवाच. पयल्यांदी मीच बसली. मंग माजा धाकला गेला..." बनूबाई थांबली. हातातलं बटण तिने घट्ट धरलं. "त्याच्या मागं मी रडली नाही. हिंदुरावाच्या मागं नाही."

पत्र्यावर कावळ्यांची नखं वाजत होती. गोदूने आपल्या चोळीकडे पाहिलं. बारा वाजून गेले होते आणि पुढून दोन ओले गोल पसरत होते.

"माझं दूध जाईल," ती म्हणाली. कुणाला विचारल्यासारखं नाही. सरळ.

"काहीतरी डोक्यात घेऊ नकोस," हरिचंद्र म्हणाला. "बायका शंभर गोष्टींनी आटतात. चल, बैस. पाचला टेम्पो येतोय."

"तिची पोरगी दुसरं काही घेत नाही, काका."

"मग कामाला यायचं नव्हतं."

कुमुदिनी पाटावर जाऊन उभी राहिली. चप्पल घालून.

५

"उतर," अण्णा म्हणाले.

"नाही."

"कुमुदिनी, पंधरा वर्षं हे असंच चाललंय. मी काय हौसेने करतो? ह्या मशीनवर घर उभं राहिलं. तुझं कॉलेज ह्याच्यावर झालं."

"मग मला शिकल्यासारखं बघू दे." ती दाराकडे वळली. "तुम्ही सगळे कुलपाकडून बघताय. कुलूप तर धरलंय. समजा, आहे कुणीतरी, धरलंय. धरू दे. दाराला दुसरी बाजू आहे ना?"

दाराच्या उजवीकडे दोन बिजागऱ्या होत्या, प्रत्येकीला तीन नट. त्यांच्यावर रंगाचे इतके हात चढले होते की नट आहेत हे चाचपूनच कळत होतं. पंधरा वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता.

"पाना द्या, काका."

"किल्ली सापडत नाही," हरिचंद्र करगोट्यावर हात ठेवून म्हणाला.

विठा काही न बोलता ट्रंकेपाशी गेली. पँटीवरची बटणं ठोकायची हातोडी तिच्या हातात होती. दोन घावांत कडी तुटली. हरिचंद्र "ए, ए" करत राहिला. विठाने तीन-चार पाने उचलले आणि पाटावर आणून ठेवले.

"ह्यातला कुठला लागतो तो बघ, ताई," ती म्हणाली. कुमुदिनीला ती आजवर पोरी म्हणत असे.

६

पहिला नट सुटायला दहा मिनिटं गेली. रंगाचे पोपडे पडत होते. दुसऱ्या नटापाशी आत हालचाल झाली. कपडा कपड्यावर घासावा तेवढीच, कुलपाच्या बाजूकडून बिजागरीच्या बाजूला आली आणि थांबली. मग घाईने परत कुलपाकडे गेली.

आत जे होतं त्याला दोन्हीकडे पुरं पडता येत नव्हतं.

कुमुदिनीला हे कळलं तेव्हा तिने पाना पुढच्या नटाला लावला. भीती होतीच, पण आता तिच्याहून जास्त घाबरलेलं कुणीतरी आत होतं आणि त्याचा एकच हात होता.

"गोदू, दार खालून धर. जड आहे. मावशी, तू बॅटरी मार."

सहावा नट हातात आला. दार बिजागरीकडून वीतभर पुढे आलं आणि कुलपाच्या जिभेवर लोंबकळलं. कोमट हवा तोंडावर आली. तिला मिठाचा वास होता, आणि अंगावरच्या बाळाच्या डोक्याला येतो तसा एक आंबूस वास.

बॅटरीचा उजेड फटीतून आत गेला.

सत्तर पँटी पिंपाच्या मागच्या भिंतीला रेटलेल्या होत्या. अलीकडे, दाराला लागून, पोकळी होती. वर गोल, खाली खांद्यांएवढी रुंद. कुणीतरी दाराला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसावं, तेवढीच आणि तशीच. पोकळीत कुणी नव्हतं. एका पँटीचा पाय मात्र पुढे आलेला होता आणि अधांतरी वाकला होता, गुडघ्यावर टाकल्यासारखा.

म्हणजे बायका बाहेरून टेकत होत्या तेव्हा, इकडून पाठ आणि तिकडून पाठ.

पाय हलला. अगदी जवळून, तिच्या कानाच्या अंतरावर, आत पुन्हा कुणी खाकरलं.

अण्णा मागून काही म्हणत होते. कुमुदिनीच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. चाळीत सकाळी सात वाजता, हातात डबा घेऊन, ती शेकडो वेळा म्हणाली होती तेच निघालं.

"झालं असेल तर निघा आता. बाहेर माणसं खोळंबलीत."



मग, खट्.

जीभ मागे गेली. अख्खं दार गोदूच्या आणि तिच्या अंगावर आलं आणि दोघींनी ते भिंतीला टेकवलं. पोकळी पँटींनी भरून गेली, वरून खाली, सावकाश, कुणी उठल्यावर गादी भरून येते तशी. आणि त्यांच्यामागून पाणी आलं.

पाणी पिंपाच्या कडेवरून लोटलं, फरशीवर पसरलं, सगळ्यांच्या घोट्यांवरून गेलं. कोमट. त्या कारखान्यात जमिनीवर सांडलेलं पाणी नेहमी निळं असायचं. हे स्वच्छ होतं.

बनूबाईने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. ती तशीच खाली बसली, पाण्यात, पाय पसरून. आधी तिचं नाक लाल झालं. मग खांदे हलायला लागले. "माजा धाकला गं," ती म्हणाली, "माजा धाकला," आणि मग हिंदुरावाचं नाव घेऊन असा गळा काढला की गल्लीतले लोक शटरपाशी जमले. गाल, हनुवटी, गळा, सगळं भिजलं. ती पुसत नव्हती. हात ओले झाले की ती त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा रडायची.

विठाने कपाळावर हात फिरवला आणि बोटं डोळ्यांसमोर धरली. तिच्या पोलक्यावर पाठीच्या मधोमध एक काळा डाग उमटला आणि खाली उतरत गेला.

"शी, काय घाम आलाय," ती म्हणाली आणि हसत सुटली.

७

पँटी भिजल्या होत्या, पण टेम्पोला चार तास होते आणि दोन ड्रायर चांगले होते. विठा आणि बाकीच्या बायका कामाला लागल्या. कुमुदिनीने कुलपाची जीभ स्प्रिंगसकट उपटून काढली आणि खिशात फ्यूजशेजारी टाकली.

अण्णा उघड्या पिंपापासून चार हात दूर उभे होते. त्यांचा आवाज खाली आला होता.

"झालं ते झालं. दार बसव परत. आणि आज नाही तर नाही, पण उद्या गोदूला घटकाभर बसू दे. एवढं सगळं त्याचं गेलं. रिकामं ठेवून चालणार नाही. तुला कळत नाही, पोरी. आम्ही बघितलंय."

"काय बघितलंय?"

अण्णा पिंपापासून आणखी एक पाऊल मागे सरले.

"बघितलंच नाहीत तुम्ही. दर वेळी शटरबाहेर होतात." तिने पाना खाली ठेवला. "तीन नंबर आजपासून बंद. दार बसणार नाही, आणि इथे कुणी बाई बसणार नाही. गोदू नाही, तिच्यानंतर येईल ती नाही. मीही नाही."

"अगं, पण कुणीतरी..." हरिचंद्र सुरू झाला.

"कुणीतरी बसायला हवं, हो ना? मग बसा की, काका." तिने पायाने पाट पुढे सारला. तो पाण्यावरून घसरत गेला आणि त्या दोघांच्या मधोमध थांबला. "पंधरा वर्षं पाट मांडताय. आज तुम्ही बसा. नाहीतर अण्णा, तुम्ही. पाठच तर टेकायची आहे. बनूबाई सांगतेच आहे, काय झाला आमाला?"

हरिचंद्राने पाय मागे घेतला. पाटाचं टोक त्याच्या चपलेला लागलं होतं, तेवढंही त्याला सहन झालं नाही. अण्णांनी चष्मा काढला, पुसायला धोतराचा सोगा शोधला, आणि चष्मा तसाच हातात राहिला.

घड्याळात एक वाजला. गोदूने दचकून वर पाहिलं. तिची चोळी पोटापर्यंत ओली झाली होती. तिने पदर ओढला नाही. ती त्या दोघांच्या मधून, पाट ओलांडून गेली, शटरखालून वाकली, आणि तिच्या पळत्या पावलांचा आवाज निळ्या गटाराच्या कडेकडेने वस्तीकडे गेला.

कुमुदिनी उत्तराची वाट बघत उभी राहिली. दोघे पाटाकडे बघत होते. पिंपाचं उघडं तोंड त्यांच्यासमोर होतं आणि सगळ्यांनी कान टवकारले होते, पण आत आता कुणी खाकरत नव्हतं, आणि बाहेर त्या दोघांपैकी कुणीही पाटावर बसायला पुढे झालं नाही.